मुका खुळखुळा

लई जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, त्या काळी वर्षं मोजत बसायला कोणाला सवड नव्हती. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. आणि मधेमधे शहाणपणा करायचा असेल त्याने आत्ताच उठून जावं.

एका मोठ्या रानाच्या कडेला एक लहान गाव होतं. चैत्र आला की त्या गावाचा पाय घरात ठरत नसे. पळस पेटल्यासारखा फुले. आंब्याला बोटाएवढ्या कैऱ्या लटकत. मोह पहाटेपर्यंत गळत राही आणि उजाडताना झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडलेला असे. त्याचा गोड वास थेट चुलीपर्यंत येई.

मग एक दिवस ठरे. अख्खं गाव पहाटे मोह वेचायला रानात जाई, आणि ऊन चढलं की ओढ्याकाठी आंब्याच्या सावलीत पंगत बसे. कैरीची डाळ, पन्हं, भाकऱ्या, भाजलेल्या मोहाचे तीळ घालून केलेले लाडू. पोरं पिंपळाच्या पानांच्या पिपाण्या वाजवून कान किटवत. बाया शिंदीच्या पात्यांचे पंखे विणायला बसत. पंखे कमी होत, गप्पा जास्त.

आदल्या दिवशी घराघरांत खुळखुळे बनत. बांबूचं एक पेर घ्यायचं, आत बिया घालायच्या, तोंड लाकडाच्या खुंटीने बंद करायचं. कोणी गुंजा घाली, कोणी चिंचोके, कोणी ओढ्यातले खडे. त्यामुळे प्रत्येक घराचा आवाज वेगळा. आई पाठ फिरवून बसली असली तरी आपलं पोर कुठे आहे ते तिला कळे.

रानात जायचं ते वाजवत, हा त्या गावाचा नियम होता. कारण मोह नुसता माणसाला आवडत नाही, अस्वलालाही आवडतो. अस्वल फुलांवर तुटून पडलं की त्याला ना समोरचं दिसतं ना पावलांची चाहूल लागते. माणूस अंगावर येऊन ठेपला की मग ते दचकतं. दचकलेलं अस्वल माणसाचं तोंड जागेवर ठेवत नाही. पण लांबून गलका ऐकला तर ते आपलं मुकाट उठून दुसरीकडे जातं. त्यालाही भांडायची हौस नसते.

एवढी साधी गोष्ट. पण ती एका माणसाला पटत नव्हती.

त्या माणसाचं नाव दगडू. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायचा. हात असा सफाईचा, की त्याच्या पत्रावळीतून आमटीचा थेंब गळत नसे. पण गाव त्याला हसायचं, ‘नाव दगडू आणि काळीज पानाचं.’ वारा सुटला तरी भ्यायचा. दार वाजलं तरी भ्यायचा. आणि चैत्रात खुळखुळे वाजू लागले की घरात जाऊन घोंगडी पांघरून बसायचा.

हसणारांना हसू द्या. दगडू सहा वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या भावाला रानातून झोळीत घालून आणलं होतं. तोंडावर फडकं टाकलेलं. भावाच्या कमरेला खुळखुळा होता, आणि आणणारांच्या प्रत्येक पावलाला तो वाजत होता. खुळ्, खुळ्, खुळ्. अंगणात उभ्या असलेल्या लहानग्या दगडूने तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की या आवाजानेच अस्वलाला बोलावलं.

पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव येसू. सात वर्षांची झाली तरी बापाने तिला एकदाही मोहाला जाऊ दिलं नव्हतं. बाकीच्या पोरी ओठांना डाळ लावून परत येत, आणि येसू उंबऱ्यावर बसून विचारी, “आंबट होती का गं?”

त्या वर्षी ती हटून बसली. तिच्या आईने, सगुणेने, ओसरीवर बांबू कापायला घेतला. शेजारच्या तीन पोरी येऊन बसल्या. चिंचोके टाकायचे की गुंजा, यावरून त्यांची भांडणं चालली होती.

“चिंचोके टाक. गुंजा किरकिर करतात.”

“तुझ्या घरचे करत असतील. आमच्या गुंजा नाचतात.”

“मी दोन्ही टाकते,” येसू म्हणाली. तिने पेर हलवून पाहिलं आणि इतकी खुदकन हसली, की सगुणेलाही हसू आलं.

दगडू आत पत्रावळ लावत होता. त्याच्या हातातली काडी मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. तो बाहेर आला. तोंड पांढरं पडलेलं.

“बंद करा ते.”

पोरी गप्प झाल्या आणि एकेक करून पळाल्या.

सगुणा म्हणाली, “अवो, पोरीला उद्या जाऊ द्या. सगळं गाव असतंय. किती वर्सं कोंडून ठेवणार? लगीन झाल्यावर सासरी पण दाराला कडी लावायला तुमीच जाणार काय?”

तेवढ्यात पलीकडून हौसाकाकी आली. ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्या तोंडाला फाटक नव्हतं, पण ती खोटं बोलत नसे.

“दगड्या, आज तुला एक सांगते,” ती म्हणाली. “तुझ्या आईबापाला आम्ही कोणी बोललो नाही, त्यांना अजून दुखलं असतं. तुझा भाऊ वाजवत गेला नव्हता. चांगल्या झाडाखाली सगळ्यांच्या आधी पोचायचं म्हणून त्यानं खुळखुळ्याला फडकं गुंडाळलं होतं. ते फडकं रानात मीच सोडलं, तुझ्या भावाच्या तोंडावर टाकायला; तेव्हा कुठे तो खुळखुळा वाजू लागला.”

आता यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? पण भ्यालेला माणूस ऐकतो कुठे? दगडूने मान हलवली, आणि मनात म्हटलं, म्हातारीला भ्रम झाला आहे. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पण पोरीचे डोळे पाहून त्याला नाही म्हणवेना. मग त्याने एक शक्कल काढली. त्याने ठरवलं, पोरीला आपण स्वतः न्यायचं. गर्दीच्या वाटेने नाही, कारण गर्दी म्हणजे गलका आणि गलका म्हणजे अस्वल. मागच्या खिंडीतून न्यायचं, एक ओंजळ मोह वेचून द्यायचा आणि उन्हं यायच्या आत घरी. त्याने येसूच्या खुळखुळ्याची खुंटी काढली, आत सावरीचा कापूस गच्च भरला आणि खुंटी परत ठोकली.

सगुणा कैऱ्या आणायला गेली होती. तिने हे पाहिलं नाही.

पहाटे तांबडं फुटायच्या बेताला गाव निघालं. सगुणा डाळीचं पातेलं डोक्यावर घेऊन बायकांत पुढे गेली. “तुमी दोघं या मागनं,” म्हणाली. तिचा जीव सुपाएवढा झाला होता. नवरा एकदाचा माणसांत येतोय, असं तिला वाटलं.

दगडूने येसूचा हात धरला आणि उलट्या बाजूला वळला.

“बा, सगळी तिकडं चाललीत.”

“इकडनं जवळ पडतं.”

थोडं गेल्यावर तिने खुळखुळा हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला.

“बा, हा वाजत नाही.”

“गप.”

“काल तर वाजत...”

“गप म्हटलं ना! बोलायचं नाही. पाय आपटायचा नाही. पाचोळ्यावर पाय टाकू नको.”

येसूने वर पाहिलं. बापाची हनुवटी थरथरत होती. तिचा हात त्याच्या हातात ओला झाला होता, आणि तो घाम कोणाचा ते सांगता आलं नसतं. कालपर्यंत त्या पोरीला रानाची भीती नव्हती. आता ती बापाच्या हातातून तिच्या हातात उतरू लागली.

दोघं चोरासारखी चालली. लांबून गावाचा आवाज येत होता, पण तो हळूहळू कमी झाला. मग आलाच नाही. खिंडीत अजून अंधूक होतं. दगडूला प्रत्येक खोडामागे काहीतरी उभं दिसत होतं. एक खार पळाली तेव्हा तो खालीच बसला. तरी तो मनात म्हणत होता, आपण आहोत हे कोणालाच ठाऊक नाही. आपण आहोत हे कोणालाच ठाऊक नाही.

हेच तर वाईट होतं, हे त्या शहाण्याला कळलं नाही.

खिंड उतरली तिथे एक एकटा मोह होता. घोटा बुडेल एवढी फुलं. येसू सगळं विसरली. बापाचा हात सोडून धावली, बसली आणि ओंजळी भरू लागली. एक फूल तोंडात टाकलं. दगडू उभा राहून चारी बाजूंना पाहत होता. फक्त झाडाच्या बुंध्यामागे त्याने पाहिलं नाही.

बुंध्यामागून आवाज आला. कोणीतरी नाकाने गरम आमटी ओढावी तसा. फुर्र, फुर्र.

मग बुंध्याच्या कडेने एक काळी पाठ दिसली. पाठीवर केसांना धरून एक पिल्लू बसलेलं. आई फुलं खात खात येत होती, डोकं खाली, आपल्याच तंद्रीत. तिच्यात आणि येसूत एका घोंगडीएवढं अंतर राहिलं.

दगडूने ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तीस वर्षं त्याने स्वतःला गप्प राहायला शिकवलं होतं, आणि गळा ते शिकला होता.

पिल्लाने आधी पाहिलं. ते चिरकलं. अस्वलीने डोकं वर केलं आणि नाकासमोर माणसाचं पोर पाहून ती दचकली. दोन पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरा पट्टा येसूच्या डोक्याच्या वर.

येसू हलली नाही, रडली नाही, हाकही मारली नाही. बापाने सांगितलं होतं, गप.

ते पाहून दगडूच्या आत काहीतरी तुटलं. तो धावला आणि पोरीवर पालथा पडला. अस्वलीचा पंजा त्याच्या उजव्या हातावर आला, मग दात आले. तेव्हा कुठे त्याच्या नरड्यातून आवाज फुटला. माणसाचा नव्हे, गुराचा वाटावा असा. “आयो! धावा! धावा रे!”

गाव लांब होतं. त्यानेच लांब ठेवलं होतं. हाक ऐकू गेली तिथून पहिला खुळखुळा कानावर येईपर्यंत किती वेळ गेला, ते येसूला विचारा. पण ती सांगणार नाही. मग चिंचोके आले, गुंजा आल्या, खडे आले, पिपाण्या आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे पातेल्यावर डाव बडवत सगुणा आली. सगळं रान घुमलं. अस्वलीने मान वळवली, पिल्लाला पाठीवर घेतलं आणि झाडीत निघून गेली. तिला काय, निघून जायला फक्त निमित्त हवं होतं.

त्या वर्षी आंब्याखाली पंगत बसली नाही.

दगडू जगला. उजवा हात मात्र काठीसारखा वाळला. काडीच्या एका टोच्यात पान अडकवणारा तो हात पुन्हा काही धरू शकला नाही. पण त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

येसूला ओरखडासुद्धा नव्हता. पण ती बोलेना. दार वाजलं की कोपऱ्यात जायची. वारा सुटला की घोंगडी ओढून घ्यायची. शेजारच्या पोरी आल्या की आईच्या लुगड्यात तोंड लपवायची. दगडू तिच्याकडे पाही आणि त्याला आपणच सहा वर्षांचे बसलेले दिसत. अस्वलापासून पोर वाचलं होतं. बापापासून वाचलं नव्हतं.

एकदा तो हौसाकाकीकडे गेला. “काकी, हिच्यातली भीती कशी काढू?”

“तुझी काढ आधी.”

“माझी जात नाही गं.”

“मग ती भीती घेऊनच जा की माणसांत. भीतीला काय वेगळं ताट लागतंय?”

पुढच्या चैत्रात गाव मोहाला निघालं, तेव्हा दगडू घोंगडी टाकून उठला. तो लोकांच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि घसा फाटेपर्यंत ओरडत रानात गेला. लोक हसले. त्याने हसू दिलं. येसू दाराच्या फटीतून पाहत होती. दुपारी तो धड परत आला आणि तिच्यासमोर बसून डाव्या हाताने डाळ खाल्ली. अर्धी सांडली.

“लई भ्यालो आज,” तो तिला म्हणाला. “सगळ्यांना सांगितलं, मी भ्यालोय. शेजारचा गणपा म्हणाला, मग माझ्याजवळ चाल.”

येसू सांडलेल्या डाळीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या चैत्रातही तो गेला, आणि येऊन तसंच सांगितलं. तिसऱ्या चैत्रात येसू बापाचा वाळका हात धरून आंब्यापर्यंत आली. रानात गेली नाही. पोरींच्या घोळक्यात दाटीवाटीने बसली. एकीने तिच्या पानावर डाळ वाढली. तिने बोटभर चाटली, डोळे मिटले आणि तीन वर्षांत पहिला शब्द बोलली, “आंबट.”

दगडू उठून झाडामागे गेला आणि पोटभर रडला. तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तर लहानांनी आणि मोठ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: भीती वाटली तर चारचौघांत जाऊन सांगावी, तिला घेऊन जो एकटा गप्प लपतो, तो आपलं पोरही तिच्याच तोंडी देतो.