मांदोळीतलं अपोलीनचं जोतं

मांदोळी गावठाणातल्या जुन्या घरांचे फोटो काढायला हल्ली बरेच जण येतात. कौलारू छपरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओट्यांचे कठडे, सगळं टॉवर उठण्याआधी टिपून ठेवायचं म्हणून. पण रिकाम्या ओट्याचा फोटो इथे कुणी काढू देत नाही. घरचं माणूस नसेल तर शेजारचं येऊन बसतं. पाहुण्यांनी कारण विचारलं, की पाखाडीतले, म्हणजे इथल्या आळीतले, म्हातारे मोतेसबाबा त्यांना सावलीत बसवतात आणि अपोलीनची हकिकत सांगतात.

प्लेगचं वर्ष होतं. अपोलीनचा नवरा गेला, पाठोपाठ मुलगी गेली. उरलेल्या पाखाडीला सरकारने खाडीपलीकडच्या छावणीत हलवलं. मागे राहिलेल्या गुरांना पाणी पाजायला कुणीतरी हवं, म्हणून एकट्या अपोलीनला राहू दिलं म्हणे. जाताना प्रत्येकाने घराची किल्ली तिच्या हातात ठेवली. शेजारच्या बस्त्यांवची म्हातारी आई पायरीवरून उठायला तयार नव्हती. अपोलीन तिला म्हणाली, "जा मावशे. तुमी परत येईपर्यंत घराला कोण हात नाय लावणार. माझा शब्द हाय."

मग हुकूम निघाला. ज्या घरांना वाली उरला नाही, ती जाळायची. कुठलं वसतं आणि कुठलं ओस, याला पुरावा म्हणून घरोघरचा फोटो काढायचा. छावणीतल्यांना परत यायला बंदी, त्यामुळे फोटोत सगळीच घरं ओस दिसणार होती.

फोटो काढायला सरकारने नेमलेला फोटोग्राफर दामोदर पाताणे आला. त्याच्याबरोबर आलेला सरकारी साहेब आजाराच्या धास्तीने पाखाडीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला. दामोदरने पहिल्या घरासमोर कॅमेरा मांडला, तेवढ्यात अपोलीनने कुलूप काढून दार सताड उघडलं आणि ती ओट्यावर जाऊन बसली.

"तुमचं घर का, बाई?" दामोदरने विचारलं.

"घर रिकामं नाय, एवढं दिसलं म्हंजे झालं."

दुसऱ्या घराशीही तीच. आतल्या खुंटीवरचं त्या घरचं लुगडं तिने अंगावर घेतलं होतं. तिसऱ्या घरी कुणा म्हाताऱ्याचा कोट चढवून बसली. दामोदरला काय ते कळलं. तो हळूच म्हणाला, "सगळ्या फोटोंत एकच चेहरा आला तर साहेब ओळखेल, बाई."

"मग काय करू?"

"काचेवर चित्र उतरेपर्यंत मान हलवत राहा. चेहरा पुसट येतो."

"पुसट येऊ दे," ती म्हणाली.

अशी ती एकामागून एक ओट्यावर बसत गेली. तिचा डावा हात अंगापासून दूर धरलेला होता. काखेत गाठ आली होती, ती तिने सकाळीच चाचपली होती. जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. दामोदरने दोनदा सांगितलं, आता पुरे. कमरेच्या किल्ल्या दाखवून ती म्हणाली, "या लोकांना मी काय सांगू?" स्वतःचं घर तिने सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं.

बस्त्यांवच्या घरी ती खांबाला टेकून बसली. दामोदरने भिंगावरची टोपी काढली, थांबला, परत लावली.

"या वेळी तुम्ही हलला नाहीत," तो म्हणाला.

जवळ जाऊन त्याने तिचे डोळे मिटले, असं सांगतात.

पुढचं घर अपोलीनचं. तिथे बसायला कुणी नव्हतं. साहेब उठून उभा राहिला होता आणि हातवारे करून घाई करत होता. दामोदरने त्या घराचा फोटो रिकामाच काढला.

छावणीतून जे जिवंत परतले, त्यांना आपापली घरं जागेवर सापडली. अपोलीनच्या घराची तेवढी राख झाली होती. पुढे कधीतरी दामोदरने ते फोटो गावाला आणून दिले म्हणे. साऱ्या ओट्यांवर बिनचेहऱ्याची माणसं. फक्त बस्त्यांवच्या ओट्यावर अपोलीन स्पष्ट दिसते, पदराच्या सुरकुतीसकट.

तिच्या घराचं दगडी जोतं अजून आहे. त्यावर कुणी बांधकाम केलं नाही. आजही कॅमेरा घेऊन कुणी आलं, तर पहिला फोटो त्या जोत्याचाच काढावा लागतो. तेव्हा पाखाडीतली म्हातारीकोतारी हातातलं काम टाकून येतात, आणि दाटीवाटीने जोत्यावर बसतात.