तळ्यातले मासे आणि जेवायला आलेले पैलवान

एकेकाळी एका तळ्याकाठी एक वृद्ध आचार्य राहत. ही कथा अक्षरशः खरी आहे. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. घडली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, एवढीच काय ती अडचण.

आचार्यांचे दोन शिष्य होते. धाकटा गणिती, थोरला जीवांचा जाणकार. दोघांत बोलणे बंद. धाकट्याच्या मते थोरला चिखलात लोळणारा, आणि थोरल्याच्या मते धाकटा आकडे चघळून पोट भरणारा.

तळ्यातले मासे घटू लागले, तेव्हा तिथे जाळी टाकणाऱ्या भोयांनी आधी धाकट्याला विचारले. त्याने आकडेमोड करून सांगितले, "लहान सोडा, मोठे धरा." मासे आणखी घटले. पुढल्या वर्षी त्यांनी थोरल्याला गाठले. तो म्हणाला, "मोठी मादी लाखांनी अंडी घालते. तिला सोडा, पिल्लं हवी तेवढी धरा." तळे जवळजवळ रिते झाले.

भोयांचा नाईक आचार्यांपुढे येऊन बसला. "म्हाराज, तुमच्या ह्या दोन इद्वानांनी आमचं वाटोळं केलं. औंदा जाळं असंच वर आलं, तर पोराबाळांसकट गाव सोडायचं."

धाकट्याला मान वर करवेना. आचार्य मात्र हसून म्हणाले, "उद्या जेवायला पाहुणे आहेत." मग त्यांनी धाकट्याच्या कानात सांगितले, "दहाजण येतील. भात तू कर." थोरल्याच्या कानात सांगितले, "पैलवान मंडळी आहेत. वरण तुझ्याकडे."

धाकट्याने आपल्यासारख्या दहांचा भात टाकला. थोरल्याने एकदोन पैलवान येतील असे धरून घसघशीत वरण केले. दुसऱ्या दिवशी दारातून एकामागून एक दहा पैलवान वाकून आत आले. वरण तिसऱ्या पानापर्यंत पोचले नाही, आणि भाताचे पातेले पहिल्याच वाढपात खडखडले.

"गुरुजी," एक पैलवान अदबीने म्हणाला, "नैवेद्य झाला. जेवण कधी?"

धाकटा थोरल्यावर उखडला. कित्येक महिन्यांत प्रथमच बोलला. "पैलवान येणार हे ठाऊक होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस? आणि दहाजण आहेत हे तू कुठं बोललास?"

आचार्य शांतपणे म्हणाले, "किती हे एकाला कळले, कसे हे दुसऱ्याला. दोघांचेही ज्ञान खरे होते, आणि पाहुणे उपाशी राहिले. तळेही असेच उपाशी आहे, बाळांनो."

धाकटा रिकामे पातेले उचलून थोरल्याजवळ आला. मग हळूच म्हणाला, "माझ्या हिशेबात सगळे मासे सारखेच होते रे. मोठी मादी लहानीपेक्षा किती जास्त अंडी घालते?"

"कितीतरी पट."

"त्यातली जगतात किती?"

थोरला ओशाळला. "ते कधी मोजलं नाही."

"मग चल, मोजू."

त्यांनी होडी काढली आणि हंगामभर मोजणी केली. पिल्ले सोडायची, थोराड माद्याही सोडायच्या. धरायचे ते मधले, आणि तेही बेताने, असे ठरले. तळे हळूहळू भरले. नाईकाचे बिऱ्हाड हलले नाही. आणि त्या दिवसापासून दोघा शिष्यांत पुन्हा कधी वाद झाला नाही.

आता यातली थाप कबूल करतो. तुम्हाला वाटेल, पैलवान. नव्हे, थाप आहे ती शेवटच्या वाक्यात. ते दोघे पुढे आयुष्यभर कडाकडा भांडले. फक्त एकाच होडीत बसून.