मधला हात

१९८९ साल, माघ वद्य त्रयोदशी. शाळूची काढणी चालू होती.

"...म्हनून इचारतो बुवा. घर मी सोता इकू, का एजंटाला देऊ?"

विचारणारा विट्याचा बाळकू तोडकर. सगळा जन्म बैलांच्या बाजारात गेला. बैलाचे दात बघून तो वय सांगायचा आणि माणसाचे डोळे बघून त्याचा डाव सांगायचा. हा गुण त्याचा त्यानेच सांगितलेला. आता म्हातारपणी मुलाकडे इचलकरंजीला जाणार होता आणि घर विकायचं होतं.

विचारलं ते सोमगीर बुवांना. गावाबाहेर टेकडीखाली त्यांची मठी. भगवं नेसण्याआधी बुवा सांगोल्याच्या बाजारात बैलांचे दलाल होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि बुवांनी कधी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. बाळकूची भावजय सुंदराबाई उंबऱ्यापाशी बसून प्रसादाच्या शेंगा फोडत होती. बाळकूच्या धाकट्या भावाची ही बायको. भाऊ वारला होता. ती त्याच घरात राहत होती.

बुवा म्हणाले, "एजंटात काय वाईट?"

"लबाड धंदा. गिऱ्हाइकाला एक भाव सांगनार, मालकाला दुसरा. मदलं आपन खानार."

"मी दलालच हुतो."

"तुमी सोडलं की."

"दलाली सोडली. मदलं खाल्लंच नव्हतं, ते काय सोडायचं?"

बाळकू हसला नाही.

"मंग सोता इक," बुवा म्हणाले.

"तिथंबी डाव हाय. परवा एक मास्तर आला. भितीवर हात फिरवला आन म्हनला, ओल हाय. माझ्या भितीला ओल. भाव पाडायची रीत हाय ती. दुसरा आला, त्यो बायकोला घिऊन. ती आत चूल बघत हिंडती आन ह्यो बाहीर बसून माझं तोंड बघतोय."

"मंग?"

"हाकलला."

"आन गलाईवाला?"

बाळकूने चमकून बघितलं.

गलाईवाला म्हणजे सोनंचांदी आटवणारा. या भागातली माणसं त्या धंद्यापायी देशभर गेलेली आहेत. हा कोइमतूरला होता आणि त्याला गावात घर हवं होतं.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तुझ्या दारात मोटार उबी हुती. गावानं बघितली."

"गावाला दुसरा धंदा न्हाई." बाळकूचा आवाज खाली आला. "त्यो बरा वाटतोय."

"किती देतोय?"

बाळकूने उंबऱ्याकडे बघितलं. शेंगा फुटत होत्या.

बुवांनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, दोघांच्या मध्ये पसरला आणि त्याखाली हात घातला.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हात धरतात. जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा. सगळा पंजा दाबला तर पाच. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव दोघांतच राहतो.

"बोटाला धा हजार," बाळकू पुटपुटला.

त्याने पंजा दाबला. मग तीन बोटं.

ऐंशी हजार.

बुवांनी हात काढून घेतला आणि मोठ्याने विचारलं, "सुंदराबाई, घर कितीला चाललंय?"

"भावजी म्हनत्यात, पन्नास." तिने मान वर केली नाही. "निम्मं माझं. स्लॅबला माझ्या पाटल्या मोडल्या, तवा दोगा भावांनी तसं ठरवलं हुतं. कागद भावजींच्या नावावर हाय."

"पंचवीसात काय करशील?"

"देवळामागं एक खोली बघितली हुती. पस्तीस म्हनतोय त्यो. कुठनं आनू?" ती हसली. "भावाकडं जाईन. भांडी घासायला कुनी नगं म्हनत न्हाई."

बाळकू घाईने म्हणाला, "एजंट असता तर चाळीसावर आनला असता भाव. मी सोता बोललो म्हनून पन्नास."

बुवा टॉवेलाच्या सुरकुत्या काढत बसले.

"सांगा की बुवा. एजंट, का सोता?"

"दलाल लागंल."

"कोन?"

"मी."

बाळकूने त्यांच्याकडे निरखून बघितलं. दात असते तर तेही बघितले असते.

"दलाली किती?"

"मागनं बोलू."

"मागनं बोलू म्हननारा दलाल मी आजवर बघितला न्हाई."

"आता बघ." बुवा उंबऱ्याकडे वळले. "सुंदराबाई, हिकडं या. बोटं कळत्यात?"

"हे शिकवायचे," ती म्हणाली. "कालवनाचा भाव करायचे माझ्याशी, पदराखाली."

ती पुढे येऊन बसली. बाळकू उठायला लागला.

"तिचा हात मी कसा धरू? धाकट्याची बायको हाय."

त्यांच्यात थोरला दीर भावजयीचा हात धरत नाही. समोरासमोर फार बोलतही नाही.

"तू माझा धर," बुवा म्हणाले. "ती माझा दुसरा धरंल. तू जेवढं दाबशील तेवढंच मी तिकडं दाबनार. एक बोट जादा न्हाई, एक कमी न्हाई."

सुंदराबाई घुटमळली.

"धरा. ऐंशीचा म्हातारा हाय. आन दलाल बसला म्हंजी बाई न्हाई, बुवा न्हाई."

तिने तळहात पदराला पुसला आणि दिला. टॉवेल लांब होता. दोन्ही हात झाकले.

"कशाचा भाव?" बाळकूने विचारलं.

"घराचा. गिऱ्हाईक देतंय त्यो."

"सांगितलाय की तिला."

"मंग परत सांग. तुझं काय जातंय?"

बाळकूने पंजा दाबला.

तिकडे बुवांनी पंजा दाबला.

"पन्नास," सुंदराबाई म्हणाली. "बरोबर हाय." ती हात काढून घ्यायला लागली. बुवांनी तिला मानेनेच थांब म्हटलं.

"झालं की," बाळकू म्हणाला.

"तुझा हात आजून हातात हाय."

"मंग सोडा."

"मी धरला न्हाई."

बुवांनी त्याच्या बाजूचा टॉवेल थोडा वर केला. बुवांची बोटं सरळ होती, उघडी. बाळकूनेच त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

टॉवेल परत खाली आला.



बाळकूने सवयीने उंबऱ्याकडे बघितलं. तिथे आता नुसत्या शेंगा होत्या. ती समोर बसली होती.

"बुवा, तुमी तिच्याकडनं बोलताय," तो म्हणाला.

"मी कुटं बोलतोय?"

...

मग त्याने एक बोट दाबलं.

तिकडे बुवांनी एक दाबलं. सुंदराबाईने मान वर केली.

दुसरं बोट.

मग बराच वेळ काही नाही. बाहेर कोणीतरी शाळूच्या पेंढ्या गाडीत टाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग तिसरं.

सुंदराबाईने हात काढून घेतला. आकडा ती बोलली नाही. दिराच्या तोंडाकडे तिने पहिल्यांदा नीट बघितलं.

"कधीपास्नं?"

"संक्रांतीपास्नं," बाळकू म्हणाला.

ती उठली, उंबऱ्यापाशी जाऊन बसली आणि शेंगा फोडायला लागली. पहिल्यापेक्षा जोरात.

बुवांनी टॉवेलची घडी केली आणि बाळकूच्या खांद्यावर ठेवली.

चैत्र लागल्यावर खरेदीखत झालं. एजंट नव्हता. बाळकू आणि गलाईवाला समोरासमोर बसले आणि ऐंशी हजारांत घर गेलं. दुसऱ्या दिवशी बाळकू सुंदराबाईला घेऊन मठीत आला आणि बुवांसमोर तिच्या पुढ्यात चाळीस हजार ठेवले.

तिने तिथेच बसून मोजले. बाळकूला ते लागलं. पण बोलायला त्याला जागा नव्हती.

मोजून झाल्यावर तिने पैसे पदरात बांधले, बुवांच्या पाया पडली आणि देवळामागच्या खोलीचा विसार द्यायला निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर बाळकूने आतल्या खिशातून वेगळ्या नोटा काढल्या. चेहरा ताठ होता. कुणाचं ठेवून घेणारा माणूस नव्हे आपण, असं त्याला दाखवायचं असावं.

"बुवा, तुमची दलाली."

"कशाची?"

"घर इकलं, त्याची."

"घर कुनी इकलं?"

"मीच. गिऱ्हाइकाच्या समोर बसून."

"मंग मी काय इकलं?"