काढलं तिथेच परत

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आईने मला बजावलंय. म्हणून हळूच सांगते.

एका गावात एक भोळा सिदू होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण सिदू अजून तिथेच राहतो. त्या गावात काळ्या दगडाचं जुनं वाचनालय होतं. ते स्वच्छ करून, डागडुजी करून पुन्हा उघडायचं होतं. काम सुंदराआक्का मिस्त्रींकडे होतं. त्या म्हणाल्या, "नीट काम करेल त्याचं नाव दाराजवळच्या दगडावर कोरीन." सिदूच्या आईला वाचता येत नव्हतं, पण लेकाच्या नावावरून एकदा हात फिरवायची तिची फार इच्छा. सिदूने ते मनात धरलं.

पहिल्या दिवशी आक्का म्हणाल्या, "भिंतीवरचं काळं घासून काढ."

सिदूने दिवसभर एकच दगड घासला. "आक्का, काळं संपतच नाही."

"अरे, दगडच काळा आहे. काळं असेल ते तसंच राहू दे."

"बरं."

दुसऱ्या दिवशी त्याला दारावरची संगमरवरी पाटी दिली. ती काजळीने काळी झाली होती. सिदू तिच्यासमोर संध्याकाळपर्यंत मांडी घालून बसला.

"काय रे?"

"काळी आहे. तशीच राहू दिली."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "मळलेलं दिसलं की आधी भिजवायचं, थोडं थांबायचं, मग पुसायचं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी पाहणीला मोठे साहेब फटफटीवरून आले. अंगभर धूळ. सिदूने त्यांच्यावर बादली ओतली. थोडा थांबला. मग पुसलं.

"सिदू, हात लावण्याआधी विचारत जा रे बाबा."

"बरं."

चौथ्या दिवशी छपराजवळच्या दगडी सिंहाच्या डोक्यात उगवलेला पिंपळ उपटायचा होता. दुपार झाली तरी सिदू शिडीवर नुसता उभा.

"सिंहाला विचारलंय," तो म्हणाला. "बघू काय म्हणतो."

"दगड बोलत नाही. आता नीट ऐक. जे काढशील त्यावर खडूने नंबर टाक, आणि जिथून काढलं तिथेच परत बसव. पुन्हा चुकलास तर नाव विसर."

सिदू महिनाभर चुकला नाही. पायरीचा निखळलेला दगडन् दगड त्याने जागच्या जागी बसवला. आक्का खूश झाल्या. त्यांनी नाव कोरलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमंत्रणं द्यायला जाताना त्या म्हणाल्या, "राहिलेलं बसवून टाक."

सकाळी पाहुणे आले, सिदूची आई आली. वाचनालयावर महिनाभर घासून काढलेली काजळी, शेवाळ आणि कबुतरांची शीट पुन्हा जागच्या जागी होती. प्रत्येकाशेजारी नंबर. सिंहाच्या डोक्यावर पिंपळ, पानावर खडूने सात.

"तीनशे बारा नग बसवले," सिदू म्हणाला. "कबुतराचं एक पीस उरलंय. ते कुठलं, आठवेना."

"छिन्नी आण," आक्का म्हणाल्या. "आधी तुझं नाव काढते."

तिकडे त्याच्या आईचा हात नावावरच होता. सिदूने छिन्नी दिली. बरोबर खडूही दिला.

"काढा आक्का. पण आधी नंबर टाका. परत तिथेच बसवायचंय."

मोठे साहेब बादलीपासून लांब उभे राहून हसत सुटले. आक्कांनी खडू घेतला आणि... आले गं आई! कुणाला काही सांगत नाही मी, नुसतं