गाण्याच्या शेवटची कुरकुर

एकदा एक वस्ताद होते आणि त्यांचा एक चेला होता. वस्ताद म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे लाल माती, लंगोट आणि पिळदार मिशा उभ्या राहिल्या असतील, तर त्या आधी पुसून टाका. हे वस्ताद फिंच पाळणाऱ्यांचे. फिंच म्हणजे मुठीत मावणारं पाखरू. चोच लाल, नराच्या गालाला शेंदरी टिकली, आणि बडबड मात्र सार्वजनिक नळावरच्या भांडणाएवढी. वस्तादांचा देहही पाखराच्याच मापाचा होता. व्यवसाय शिंप्याचा. अर्ध्या गावाच्या विजारी त्यांच्या हातून आखूड झाल्या होत्या, आणि "कापड आटलं, त्याला मी काय करू?" हे उत्तर ते इतक्या गंभीर मुद्रेनं देत की माणसं उठून कापडवाल्याशी भांडायला जात.

चेला रंगाच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईकानं "तसला पिवळा नको, जरा हळदीकडे झुकलेला" म्हणावं आणि यानं डब्यात चार थेंब टाकून नेमका तोच काढून द्यावा. अशा माणसाला देव डोळे देतो आणि कान नुसते चष्मा अडकवायला देतो. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तसले प्रत्येक पेठेत दोन तरी असतात, आणि वाचताना ते शेजाऱ्याकडेच बोट दाखवतात.

वस्तादांकडे चंदेरी फिंचांचं एक घराणं होतं. राखेवर चांदणं पडावं तसा तो रंग. साऱ्या तालुक्यात तसा पक्षी नव्हता. चेल्यानं तीन वर्षं वस्तादांच्या घरी पाखरांच्या दाण्याचे राळे निवडले, पिंजरे धुतले, चोची घासायला समुद्रफेस फोडून दिला, तो त्या रंगापायी. वस्तादांना ते ठाऊक होतं. पण फुकट पिंजरे धुणाऱ्याला कोण हाकलतं?

पुढे वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. परगावाहून लेक न्यायला आली. तिच्या घरी मांजर होतं.

"मांजर तिचं लाडकं आहे आणि मी नुसता बाप," वस्ताद म्हणाले. "तेव्हा पाखरं ठेवायची कुठे हा प्रश्न सुटलाच."

त्यांनी बाकीची सगळी पाखरं वाटली आणि त्या घराण्यातली उरलेली एकच चंदेरी जोडी चेल्याच्या हाती दिली. नर तेव्हा गात होता. टिट्-टिट्-टिवरी, टिट्-टिट्-टिवरी, आणि दर वेळी शेवटी एक कोरडी कुर्रर्र-कुंई.

"शेवटी याचा घसा बसतो का वस्ताद? औषध देऊ?" चेल्यानं विचारलं.

"तुझ्या डोक्याला दे," वस्ताद म्हणाले. मग हसणं आवरून त्यांनी त्याचं मनगट धरलं. "लेका, एकच काम कर. याचा एक तरी पोरगा याच्या मांडीला मांडी लावून वाढू दे. अंड्यातून निघाल्यापासून तीन महिने. बापाजवळच. त्यानंतर काय उद्योग करायचे ते कर."

"एक कशाला, दहा वाढवतो!"

"दहा कोण मागतंय? एक."

"शब्द दिला वस्ताद."

शब्द देताना चेल्याची नजर नराच्या पाठीवरच्या रंगावर होती. घरी जाईपर्यंत त्याच्या मनात चाळीस चंदेरी पाखरं उडू लागली होती.

आता या छंदात एक युक्ती आहे, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. चांगल्या जोडीनं अंडी घातली की ती घरट्याच्या मडक्यातून हळूच उचलायची आणि बंगाली फिंचांच्या मडक्यात ठेवायची. बंगाली फिंच हे तपकिरी, मळकट, अतिशय भोळं पाखरू. कुणाचंही अंडं असो, ते आपलं मानून उबवतं आणि पोर आपलं मानून भरवतं. इकडे रिकाम्या मडक्याकडे पाहून मूळची मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते. वर्षात दोनदा विणायची ती सहादा विणते. भोळ्याच्या घरी पाळणा हलतो आणि शहाण्याच्या घरी पाखरं वाढतात.

चेल्यानं पहिली पाच अंडी उचलली तेव्हा त्याच्या बायकोनं विचारलं, "अहो, वस्तादांनी काय सांगितलं होतं?"

"या खेपेला नाही गं. जरा संख्या वाढू दे. पुढच्या विणीला ठेवतो की बापाजवळ."

"आणि या खोलीच्या दाराला तेल घालायचं होतं. किती कुरकुरतंय."

"घालतो. उद्या."

पुढच्या विणीला जिल्ह्याचं प्रदर्शन आलं. त्याच्या पुढच्या विणीला कुणीतरी कुठल्या गावाहून जोडी मागितली. त्याच्याही पुढच्या विणीची अंडी उचलताना मादीनं त्याच्या बोटाला चोच मारली. एवढीशी चोच, पण चेला दचकला. बायको दारातून म्हणाली, "एकदा तरी बसू द्या तिला अंड्यावर. कंबर मोडली असेल बिचारीची." चेल्यानं बोट चोखलं आणि अंडी मोजली. सहा होती.

दर रविवारी वस्तादांचा फोन यायचा.

"गातोय का रे?"

"गातोय वस्ताद, झकास."

"आणि पोरगा?"

"पोरं म्हणता? अठ्ठावीस झाली!"

"मी आकडा विचारला का? पोरगा गातोय का?"

"लहान आहेत अजून," चेला म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. अर्धवट खरं बोलायला माणसाला शाळेत जावं लागत नाही.

सातव्या विणीला मादीच्या पोटात अंडं अडकलं. पिसं फुलवून ती पिंजऱ्याच्या तळाशी बसली. चेल्यानं तिला कोमट फडक्यात धरलं, पोटाखाली तेलाचं बोट लावलं, रंगाचं दुकान दिवसभर बंद ठेवलं. संध्याकाळी ती त्याच्या तळहातावर मान टाकून हलकी झाली. आधीच किती हलकी होती ती!

नर दोन दिवस मडक्यात डोकावून हाका मारत राहिला. तिसऱ्या दिवसापासून गप्प.

मग मात्र चेल्याला शब्द आठवला. चार महिन्यांचा एक चंदेरी पोरगा त्यानं धावत आणून बापाशेजारी सोडला. पोरगा दांडीवर ऐटीत बसला आणि गायला लागला. चुर्-चुर्-बुडबुड-चुर्. हे बंगाली फिंचाचं गाणं. ज्यानं भरवलं त्याचं. त्या पोराच्या गळ्यात ते केव्हाच पक्कं झालं होतं. बापानं एकदा मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, परक्या गावचा पाहुणा बोलतो आहे असं. मग डोळे मिटले. वीस दिवसांनी चेल्यानं त्याला कढीलिंबाच्या कुंडीत, मादीशेजारी पुरलं.

त्या रविवारी फोन आला तेव्हा चेल्यानं तो बायकोकडे दिला. बायकोनं परत त्याच्याच कानाला लावला.

"वस्ताद, जोडी गेली."

वस्ताद म्हणाले, "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. येतो."

ते आले. स्वच्छ, नवे डोळे घेऊन आले. चेल्यानं खोली झाडून ठेवली होती. त्याला आशा होती, की चाळीस चंदेरी पाखरं एकदम दृष्टीस पडली की म्हातारा विरघळेल. सकाळचं ऊन असं पडलं होतं, की चार पिंजऱ्यांत जणू चांदीचा रस ओतला आहे. छंदातले दोघेतिघे वस्तादांना भेटायला जमले होते. त्यांच्या तोंडून "वा!" निघालं.

वस्ताद स्टुलावर बसले. एकदा सगळीकडे पाहिलं. आणि डोळे मिटून घेतले.

"अहो वस्ताद," एकजण खाकरला, "डॉक्टरनं पैसे घेतले ते उघडायचे!"

लोक हसले. वस्ताद हसले नाहीत. एरवी हसण्याचा पहिला मान त्यांचा. ते तसेच बसून राहिले. एकामागून एक नर गायला. चुर्-चुर्-बुडबुड-चुर्. चहा आला, निवला, सायीला सुरकुत्या पडल्या. चेला प्रत्येक गळ्याकडे पाहत होता. कुणा एकाच्या तरी गळ्यातून, चुकून, रक्तातून काही वर येईल म्हणून. शेवटच्या पिंजऱ्यातला शेवटचा नर गायला. चुर्-चुर्-बुडबुड.

वस्तादांनी डोळे उघडले, ते उठले आणि कोपऱ्यात, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथल्या मळकट पिंजऱ्यापाशी गेले. आत ती सगळी अंडी उबवणारा म्हातारा बंगाली नर बसला होता. डोक्यावरची पिसं झडलेली, एक नखी वाकडी. वस्तादांनी टोपी काढली आणि त्याला हात जोडले.

आता कुणीच हसलं नाही. माणसं चहा संपवून, काहीतरी कामाचं निमित्त सांगून निघून गेली. ती गेल्यावर चेला हळूच म्हणाला, "वस्ताद, मला चार शिव्या घाला. पण हे काय केलंत?"

"याच्या पायी पडलो. चाळीस परकी पोरं यानं भरवली, आणि त्याच्याजवळ जेवढं होतं तेवढं सगळं त्यांना दिलं. याचं काय चुकलं?" वस्ताद पुन्हा स्टुलावर बसले. "लेका, रंग अंड्यातून येतो. त्याला बाप जवळ असावा लागत नाही, तू असलास तरी चालतं. गाणं तसं येत नाही. ते शेजारी बसूनच यावं लागतं, आणि त्याची वेळ गेली की गेली."

"पण त्या गाण्यात एवढं काय होतं?"

वस्तादांनी टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्यावरची सुरकुती बोटानं सपाट केली.

"माझी बायको दुसऱ्या मशीनवर झबली शिवायची. त्या मशीनचं पायडल कुरकुरायचं. कुर्रर्र-कुंई. बावीस वर्षं ती म्हणायची, तेल घाला. मी म्हणायचो, उद्या. कधी म्हणायचो, मशीन नाही, तूच कुरकुरतेस. फार हसायचो मी. ती गेली. तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी उठून मशीनला तेल घातलं. मशीन गप्प झालं. असं घर कधी ऐकलं नव्हतं मी. त्यानंतरचा नववा-दहावा दिवस असेल, सकाळी पिंजऱ्यातला एक पोरगा गायला आणि गाण्याच्या शेवटी तीच कुरकुर. मशीनजवळच वाढला होता तो. त्याच्यापासून त्याच्या पोरानं उचलली, मग त्याच्या पोरानं. पाच पिढ्या. अकरा वर्षं रोज सकाळी ती मला म्हणायची, तेल घाला."

"मला सांगितलं का नाहीत?" चेल्यानं विचारलं.

"सांगायला हवं होतं. पण बायकोची आठवण येते, हे बोलायला पुरुषमाणसाला लाज वाटते. थट्टा करायला नाही वाटत. म्हणून एक पोरगा बापाजवळ ठेव, एवढंच सांगितलं. माझंही चुकलं. निम्मं माझं, निम्मं तुझं घे."

चेल्यानं घाईघाईनं मोबाईल काढला. त्यात त्या नराचे साठ-सत्तर व्हिडिओ होते. पहिला लावला, नर चोच उघडत होता आणि आवाज सिनेमातल्या गाण्याचा येत होता. दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही. लोकांना आवडावं म्हणून त्यानं स्वतःच प्रत्येकावर गाणं चढवलं होतं आणि पक्ष्याचा आवाज काढून टाकला होता. मूळचे व्हिडिओ फोनमध्ये जागा राहिना म्हणून केव्हाच पुसले होते. तो एकामागून एक लावत राहिला. चंदेरी गळा फुगत होता, चोच हलत होती, आणि भलताच गवई गात होता.

"राहू दे," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, मशीन! ते मशीन आहे ना अजून? आपण आणू. या खोलीत ठेवू, मी रोज चालवीन, नवी पोरं ऐकतील—"

वस्ताद हसले. त्या सकाळी पहिल्यांदाच हसले, पण ते हसू तोंडातून बाहेर आलं नाही.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "तेल घातलं ना मी!"

जाताना चेल्यानं त्यांना एक चंदेरी जोडी देऊ केली. ते म्हणाले, "लेकीच्या मांजराला अजून चांदीच्या ताटात जेवायची सवय नाही." आणि काठी टेकत निघाले. खोलीचं दार त्यांच्यामागे कुरकुरत मिटलं.

चेला त्या दाराशी उभा राहिला. दार उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. डोळे मिटून नीट ऐकलं. मग माळ्यावरून तेलाची बाटली काढून आणली आणि दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडलं. बायको पदराला हात पुसत आली.

"आज काय सुचलं हे?"

"तू कधीपासून सांगत होतीस?"

"दीड वर्ष झालं असेल."

"बस जरा इथे," चेला म्हणाला आणि स्टूल तिच्याकडे सरकवून स्वतः जमिनीवर बसला. ती बसली. दुपारचे राळे निवडायचे होते, ते दोघांनी तिथेच निवडले.

मंडळी, ज्याला जे द्यायचं ते त्याच्याजवळ बसून द्यावं. आणि घरात कुणी दाराला तेल घाला म्हणत असेल तर वाचन इथेच थांबवलंत तरी चालेल.

त्या दिवसापासून चेल्यानं कुठल्याही मडक्यात हात घातला नाही. आता त्याच्याकडे चंदेरी बाप चंदेरी पोरांना मांडीशी घेऊन गाणं शिकवतात. चुर्-चुर्-बुडबुड-चुर्. ऐकायला काही वाईट नाही. लोक लांबून येतात, माना डोलावतात. चेला मात्र गाणं संपल्यावरही क्षणभर कान देऊन उभा राहतो, आणि मग पाण्याच्या वाट्या भरायला लागतो.