ठिपकी मुंगीची चिमूट

होती एक मुंगी. काळी, चिमुकली. तिचं नाव ठिपकी.

केवढी होती? तुमच्या करंगळीच्या नखावर बसली असती, आणि वर नाचायलाही जागा उरली असती. एवढी.

ठिपकी राहायची वसईला, रेजिनाआजीच्या घरी. मागच्या दाराच्या उंबऱ्याला एक फट होती. त्या फटीत ठिपकीचं घर.

नाताळ आला. दारात चांदणी लागली. लुकलुक लुकलुक. चुलीवर कढई चढली. कढईत करंज्यांचं सारण. कालथा फिरला, खर्र खर्र. वास सुटला, अहाहा.

आजी म्हणाली, "सारणात गूळ."

आई म्हणाली, "सारणात साखर."

"आमच्या माहेरी गूळच घालतात."

"आमच्या माहेरी साखरच घालतात."

दर नाताळला हेच. शेवटी अर्धा गूळ पडला, अर्धी साखर पडली. आणि दोघीही जराजरा फुगून बसल्या.

आता सारण गोड झालं का? कोण सांगणार?

आजी चाखणार नाही. आई चाखणार नाही. त्या घरची रीतच तशी. नाताळचं सारण आधी माणसाने चाखायचं नाही. आधी मुंगीने चाखायचं. मुंगी म्हणाली गोड, की मग करंज्या भरायच्या.

हसू नका. गोडातलं मुंगीइतकं कुणाला कळतं?

आजीने चमच्याच्या टोकावर चिमूटभर सारण घेतलं. उंबऱ्यावर केळीचं पान ठेवलं. पानावर चिमूट ठेवली, चमचा टाकला मोरीत. "ये गं ठिपके," म्हणाली.

ठिपकी आली. तुरुतुरु तुरुतुरु. मिशा पुसल्या. तोंड उघडलं. आ...

तेवढ्यात एक चोच आली. गपकन. चिमूट गायब.

कोण होतं ते? पांढरं, गुबगुबीत बदक. चिमूट गेली बदकाच्या पोटात. आणि बदक गेलं अंगणात. फताक फताक फताक.

ठिपकीचं तोंड उघडंच राहिलं. तिला रडूच आलं. वर्षातून एकदा मिळणारी चिमूट, तीही बदकाने खाल्ली.

ठिपकी गेली आजीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"आजी गं आजी, माझी चिमूट बदकाने खाल्ली. मला दुसरी दे."

आजी म्हणाली, "कशी देऊ बाई? एका हातात कालथा, एका हातात सांडशी. सोडलं तर सारण करपेल. चमचा आला तर देईन."

आणि आई? आईचे हात कोपरापर्यंत पिठात.

ठिपकी गेली चमच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

चमचा होता मोरीत. गुळाच्या रिकाम्या पातेल्यात उभा.

"चमच्या रे चमच्या, आजीकडे जा.
चिमूट मिळेना,
करंजी भरेना,
सांग, नाताळ होईल का?"

चमचा म्हणाला, "गुळाचा पाक सुकला. मी त्यात चिकटलो. अं हं, मी नाही जा. पाणी आलं तर सुटेन."

ठिपकी गेली पाण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

पाणी होतं विहिरीत. खोल खोल. ठिपकी काठावर वाकली. पडली असती, पण नाही पडली.

"पाण्या रे पाण्या, वर ये की जरा.
चमचा सुटेना,
चिमूट मिळेना,
करंजी भरेना,
सांग, नाताळ होईल का?"

पाणी म्हणालं, "डुबुक. एवढं उंच कोण चढणार? अं हं, मी नाही जा. बादली आली तर चढेन."

ठिपकी गेली बादलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

बादली होती पेरूच्या झाडाखाली. गप्प बसलेली.

"बादली गं बादली, विहिरीत जा.
पाणी चढेना,
चमचा सुटेना,
चिमूट मिळेना,
करंजी भरेना,
सांग, नाताळ होईल का?"

बादली म्हणाली, "हळू बोल. माझ्यात कुणीतरी बसलंय. फार जड आहे. अं हं, मी नाही जा. ते उठलं तर हलेन."

कोण बसलं होतं बादलीत? ठिपकी चढली वर. तुरुतुरु तुरुतुरु. आणि बघते तर काय, बदक. तेच ते बदक. डोळे मिटून, मान पाठीवर टाकून, मजेत.

ठिपकीला राग आला. माणूस रागावला की कमरेवर दोन हात ठेवतो. ठिपकीला पाय सहा. तिने चार कमरेवर ठेवले आणि दोनांवर उभी राहिली.

"बदका रे बदका, ऊठ की जरा.
बादली हलेना,
पाणी चढेना,
चमचा सुटेना,
चिमूट मिळेना,
करंजी भरेना,
सांग, नाताळ होईल का?"

बदकाने एक डोळा उघडला. "क्वाक. पोट माझं टम्म. सारण फार जड असतं बाई. अं हं, मी नाही जा. कुत्रा भुंकला तर उठेन."

आणि डोळा मिटला. बघा, आहे का लाज?

ठिपकी गेली कुत्र्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

कुत्र्याचं नाव जिमी. जिमी पडवीत पडला होता. शेपूट इकडे, जीभ तिकडे.

"जिमी रे जिमी, भुंक की जरा.
बदक उठेना,
बादली हलेना,
पाणी चढेना,
चमचा सुटेना,
चिमूट मिळेना,
करंजी भरेना,
सांग, नाताळ होईल का?"

जिमी कुजबुजला, "शू... आत बाळ झोपलंय. मी भुंकलो की बाळ उठतं. बाळ उठलं की आई येते. आई येते ती लाटणं घेऊनच. अं हं, मी नाही जा. बाळ आपलं आपण उठलं तर भुंकेन."

ठिपकी गेली बाळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

बाळ पाळण्यात झोपलं होतं. घुर्र फुस्स. घुर्र फुस्स.

ठिपकी चढली पाळण्याच्या दोरीवर. दोरीवरून उतरली उशीवर. उशीवरून गेली बाळाच्या कानाजवळ.

"बाळा रे बाळा, डोळे उघड.
कुत्रा भुंकेना,
बदक उठेना,
बादली हलेना,
पाणी चढेना,
चमचा सुटेना,
चिमूट मिळेना,
करंजी भरेना,
सांग, नाताळ होईल का?"

बाळ काय म्हणालं?

काहीच नाही. "अं हं" सुद्धा नाही. बाळ आपलं घुर्र फुस्स. घुर्र फुस्स.

तिकडून आजीची हाक आली. "ठिपके, अगं सारण झालं. येतेस की नाही? तू चाखलं नाहीस तर करंज्या राहतील हो."

आता काय करायचं? ठिपकीची चिमूट तर गेलीच, आता सगळ्यांच्या करंज्याही जाणार.

चावू का बाळाला? ठिपकीने विचार केला.

छे. झोपलेल्या बाळाला कुणी चावतं का?

मग ठिपकीने काय केलं माहितेय? ती चढली गालावर. गालावरून गेली नाकावर. आणि नाकाच्या शेंड्यावर लागली नाचायला.

तुरुतुरु तुरुतुरु.
गुदुगुदु गुदुगुदु.
तुरुतुरु तुरुतुरु.
गुदुगुदु गुदुगुदु.

बाळाचं नाक हललं. बाळाचं तोंड वाकडं झालं. आ... आ... आ...

आक्छी!

ठिपकी उडाली भुर्र. पडली जिमीच्या शेपटीवर. बाळ उठून बसलं. रडलं का? नाही. नाक चोळलं आणि हसायलाच लागलं. खी खी खी.

बाळ उठलं, तसा कुत्रा भुंकला. भो भो भो.

कुत्रा भुंकला, तसं बदक उठलं. क्वाक क्वाक, फडफड फडफड, बादलीच्या बाहेर.

बदक उठलं, तशी बादली हलली. गडबड गडबड घरंगळत गेली ती थेट विहिरीत. धडाम.

बादली हलली, तसं पाणी चढलं. आई धावत आली, कुई कुई कुई, दोर वर. लचक लचक, बादली मोरीत. छपाक.

पाणी चढलं, तसा चमचा सुटला. खळखळ खळखळ. न्हाऊनमाखून चकचकीत झाला.

चमचा सुटला, तो आला आजीच्या हातात. टुण.

आजीने कढई खाली उतरवली. चमच्याच्या टोकावर चिमूटभर सारण घेतलं. फू फू करून निववलं. केळीच्या पानावर ठेवलं.

बदक परत आलंच. फताक फताक फताक.

"गुर्र," जिमी म्हणाला.

बदक तिथेच बसलं. मी कुठे काय केलं, अशा तोंडाने.

ठिपकीने चिमूट खाल्ली. कुट कुट कुट. आजी बघत होती. आई बघत होती. बाळ आईच्या कडेवर बसून बघत होतं.

"काय गं ठिपके, गोड आहे का?" आजीने विचारलं.

ठिपकीने मिशा पुसल्या. इकडे बघितलं. तिकडे बघितलं.

"कळलं नाही," ती म्हणाली. "अजून एक चिमूट द्या."

आजी आईकडे बघून म्हणाली, "दर वर्षी हिला पहिल्या चिमटीत कळत नाही."

आईला हसू आलं. तिनेच दुसरी चिमूट दिली. जरा मोठीच दिली.

तेवढ्यात बदक म्हणालं, "क्वाक. गोड आहे, गोड आहे. मला विचारायचं की. मी केव्हाच सांगितलं असतं."

"तुला कुणी विचारलं?" ठिपकी म्हणाली. तिने घाईघाईने दुसरी चिमूटही तोंडात भरली. गाल फुगले. मग मान हलवली आणि म्हणाली, "गो. गोव हाये. गोव गोव."

गोड आहे. ठरलं.

मग काय विचारता? आईने पाऱ्या लाटल्या. आजीने सारण भरलं. कडा दुमडल्या, कातणं फिरवलं, कुर्र कुर्र. करंज्या तेलात गेल्या. चुर्र चुर्र चुर्र. फुगल्या, हसल्या, ताटात बसल्या.

आजी हळूच वाकली. ठिपकीच्या कानात म्हणाली, "खरं सांग. गुळाने गोड झालं ना?"

आईपण हळूच वाकली. दुसऱ्या कानात म्हणाली, "खरं सांग. साखरेने गोड झालं ना?"

ठिपकी काहीच बोलली नाही.

कशी बोलणार? तोंडात करंजीचा घास होता. आणि तोंडात घास असताना बोलायचं नसतं. हो की नाही?

गोष्ट लाटली, गोष्ट भरली,
कड दुमडून गोष्ट तळली.
आता सांगा, गोड झाली का?

कळलं नाही म्हणता?

बरं. करा आ...