दार काढून ठेवणारे आचार्य

पूर्वी चंपकनगरीत सुषेण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व जवळच्याच वेत्रग्रामात मुलांना शिकवणारे आचार्य होते.

ते येण्याआधी या गावावर भर दुपारी दरोडा पडला होता. गावरक्षक रोहकाने तेव्हा सगळी पोरे धान्याच्या कोठारात कोंबली आणि बाहेरून कडी घातली. दरोडेखोरांनी शेजारची घरे पेटवली. पोरे वाचली, पण कोठारात धूर भरला आणि कडी काढायला रोहकाला फार उशीर झाला. त्याची नात तिष्या त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती.

आचार्य आले, पाठशाळा पुन्हा भरू लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी दार चौकटीतून काढून भिंतीला टेकवून ठेवले. रोहकाच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. दरोडा पडलेल्या गावात दारे भक्कम करायची, की काढून ठेवायची?

"दार कधी बसवणार?" त्याने विचारले.

"मुले सांगतील तेव्हा."

हे उत्तर ऐकून तर त्याची खात्रीच पटली. तो पाळत ठेवू लागला, आणि त्याला रोज नवा पुरावा सापडू लागला. आचार्य उंबरठ्यावर बसून शिकवत, म्हणजे वाटेवर नजर. धडा चालू असता ते म्हणत, "ज्याला बाहेर जाऊन यावेसे वाटते, त्याने यावे." म्हणजे पोरांकरवी निरोप. दरोडेखोरांचा हा हेर आपण पकडलाच, असे मनाशी म्हणत रोहक एका सकाळी पाठशाळेच्या उंबरठ्याशी आला.

"आचार्य, आजच्या आज गाव सोडा."

"सोडतो. पण मी मुलांना दिलेला शब्द तुम्ही पाळा. ती सांगेपर्यंत दार बसवू नका."

"पोरांना काय कळते? दार बंद असले की जीव वाचतो," असे म्हणून रोहकाने दार उचलले, चौकटीत बसवले आणि बाहेरच्या कडीला धरून अर्धे लावले.

आतली पोरे एका झटक्यात उठून मागच्या भिंतीला चिकटली. तिष्येने नाकातोंडावर हात दाबला. तिथे धूर नव्हता.

रोहकाचा हात कडीवरच राहिला. ज्याच्यावर त्याने पाळत ठेवायला हवी होती, तो हात हाच होता. त्याला रडू कोसळले.

"रोहकबाबा, तुम्ही कडी घातलीत म्हणून ही मुले जिवंत आहेत," आचार्य हळूच म्हणाले. "पण मनाने ती अजून कोठारातच आहेत. मी त्यांना रोज थोडे थोडे बाहेर आणतो आहे."

"मग मी काय करू?"

"दार काढा, आणि माझ्याशेजारी बसा. वाट मोकळी आहे आणि तिथे आपले माणूस आहे, हे त्यांना रोज दिसू द्या."

रोहक रोज उंबरठ्यावर बसू लागला. पावसाळा सरला. हेमंतात एके दिवशी बोचरा वारा सुटला, तेव्हा तिष्या उठून त्याच्यापाशी आली.

"आजोबा, थंडी वाजते. दार लावा. कडी मात्र आतून बसवा. मी काढीन."

रोहकाने दार चौकटीत बसवले आणि कडी आतल्या बाजूला ठोकली.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा रोहक म्हणजे आपल्या विहाराच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे वटारणारा हा वृद्ध भिक्षू. तिष्या म्हणजे पहाटे सर्वांआधी उठून दार उघडणारी आपली उपासिका. आणि आचार्य मीच होतो. भ्यालेल्याला घाई करू नये आणि संशय घेणाऱ्यावर रागावू नये. तेव्हा मी आचरली ती ही क्षांती."